रांगेचा तास

...आणि वर प्राचार्य मलाच ऐकवतात, विषय तुम्हीच निवडलात की! मी? अहो, त्या मीटिंगला मी वेळेवर पोचलो तर होतो का? विजेच्या बिलाच्या रांगेत अडकलो होतो, धापा टाकत आत शिरलो, तर बाकीच्यांचे आपापले विषय उचलून झालेले. म्हणजे काय आहे, पहिल्या वर्षाची मुलं कॉलेजात आली की बुजतात, कोपऱ्यात रडतात आणि एक दिवस नाव काढून घेऊन जातात. तर त्यांना रुळवायला दर आठवड्याला एक सेमिनार, आणि प्रत्येक मास्तराचा 'आपल्या मनाजवळचा' एक विषय! भाषेच्या बाईंनी 'स्वप्नं' घेतलेली, भौतिकशास्त्रवाल्यांनी 'आकाश', खेळाच्या सरांनी 'मैत्री'... आणि ते मैत्रीसुद्धा शिट्टी वाजवून शिकवतात, ते जाऊ द्या. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, "काय सर, होतात कुठे?" मी म्हटलं, "रांगेत." तर माणसानं टेबलावर थापच मारली! "रांग! वा! काय आहे ना, हे दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं!" आणि लिहून मोकळे! आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अहो साहेब, मी उशिराचं कारण सांगतोय. मी म्हटलं, बरं.

तुम्हाला सांगतो, माझा खरा विषय संख्याशास्त्र. शेवटच्या वर्षाचे तास माझे होते. ते काढून एका नव्या पोरसवदा मास्तराला दिले, तेव्हाही मी म्हटलं, बरं. आमची ही विचारते, "अहो, तुम्हाला राग कसा येत नाही हो?" येत असेल. निघतही असेल कुठून तरी. माझ्यापर्यंत पोचत नाही, त्याला मी काय करू? पण प्राचार्य म्हणाले, "तुमच्या गटातलं एकही पोर वर्षभर कॉलेज सोडून गेलं नाही ना, सर, तर शेवटचं वर्ष परत तुमचं! शब्द देतो." आणि तेव्हा काय झालं, आत कुठेतरी... नाही, फार काही नाही. पाय झोपलेला असतो आणि त्यात एक मुंगी येते, तेवढंच.

तर रांगेचा तास! शिकवायचं काय रांगेत? मी आपलं एक बाक आडवं लावलं, ही खिडकी म्हटलं. पलीकडे मी कारकून, अलीकडे मुलं. या एकेक! आणि बसल्याबरोबर अंगात काय शिरलं कोण जाणे! मान वर करायची नाही. "झेरॉक्स कुठाय?" "ही नाही, दोन्ही बाजूंची." "शिक्का दिसत नाही." "साहेब जेवायला गेलेत." "उद्या या!" मुलं हसून हसून लोळायची. 'आकाश'मधली चार पोरं दारात उभी राहून बघायची. भौतिकशास्त्रवाले माझ्याशी बोलायचे बंद झाले. मला? मला त्याचंही काही वाटलं नाही.

पण त्या गटात एक मुलगी होती. चष्मेवाली म्हणायचे तिला, कारण कुणाचा चष्मा ढिला झाला की ही पिशवीतून बारीकसा पेचकस काढणार आणि न बोलता घट्ट करून देणार. माझाही करून दिला एकदा, मी सांगितलं नव्हतं. हात चालायचे, तोंड मात्र नाही! तिची पाळी आली, मी म्हटलं, "उद्या या." ती म्हणाली, "बरं," आणि वळून चालायला लागली. पुढच्या आठवड्यात तेच. "उद्या या." "बरं." त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच! वर्ग हसायचा. मी मात्र... अहो, ते 'बरं' ओळखीचं होतं हो. आवाज तेवढा दुसरा होता.

म्हटलं, ही जाणार. अशीच मुलं जातात, कुणाला पत्ता न लागता. ही गेली की आपलं शेवटचं वर्षही गेलं! मग मी तिच्या मागेच लागलो. "हे बघ बाळ, खिडकीतून 'उद्या या' आलं की 'बरं' म्हणायचं नाही. तीन प्रश्न विचारायचे. उद्या किती वाजता? तुम्हीच असाल ना? आणि आज नेमकं काय अडतंय? यातला तिसरा सोडायचा नाही, उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही." ती घाबरत घाबरत म्हणून दाखवायची. आधी ओठांतल्या ओठांत, मग मला ऐकू येईल एवढं, मग एक दिवस असा खणखणीत आवाज लावला, की बाहेरून जाणारा शिपाई आत डोकावला, "मला हाक मारली का?" वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, रुळली!

आणि परवा ती स्टाफरूममध्ये आली. हातात कागद. कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज! ग्रंथालयाची सही झालेली, प्रयोगशाळेची झालेली, आणि आमचे हेडक्लार्क, जे सख्ख्या भावालाही तीन खेपा घालायला लावतील, त्यांचीसुद्धा झालेली! उरली फक्त सेमिनारच्या मास्तराची.

"अगं, पण का?"

"सर, मला चष्मे बनवायचं शिकायचंय. पहिल्यापासून तेच होतं. मामा म्हणाले, ते काय शिक्षण आहे का, इथे नाव घाल. मी बरं म्हटलं होतं."

"आणि आता मामा?"

"त्यांना तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याला गप्प बसले. तिकडे जागा मिळालीय, दाखला आजच द्यायचाय."

आता बघा. पेन माझ्या हातात. सही केली की शेवटचं वर्ष गेलं. नाही केली तर एक दिवस मिळतो, तेवढ्यात प्राचार्य तिला बोलावतील, समजावतील, ती परत 'बरं' म्हणेल... आणि माझ्या तोंडून निघून गेलं, तुमची शपथ, आपोआप निघून गेलं, "उद्या ये."

ती हलली नाही! चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "उद्या किती वाजता, सर? तुम्हीच असाल ना? आणि आज नेमकं काय अडतंय?"

काय अडतंय... काय सांगणार तिला? केली सही. तारीखसुद्धा घातली.

तासाभरात प्राचार्यांचं बोलावणं. लालबुंद झालेले! "सर, तुमच्या गटातली! काय आहे ना, शिकवताय तरी काय तुम्ही तिथे? गेलीच कशी ती?"

मी म्हटलं, "पहिल्याच खेपेत, साहेब. एकही कागद परत आला नाही."