गरम पडतात म्हणून सोडलेल्या गोळ्या

मी सुभद्रा. माहेर पाचोडचं, म्हणजे पाचोडच्या बी आत, बाजाराला पायी यावं लागायचं असल्या वस्तीवरचं, आन् सासर हे इथं संभाजीनगरात, मुकुंदवाडीच्या मागल्या अंगाला. लगीन होऊन आले तव्हा इथं निस्ती ज्वारीची रानं व्हती, आता बघा, पाय ठिवायला जागा नाय. मालक वाळूजला कंपनीच्या गेटवर असतेत. मी भाकरीचे डबे करते, कंपनीतल्या एकट्या-दुकट्या पोरांसाठी, हात चालतेत तवर करीन. एक पोरगा, दत्ता, टेम्पो चालवतो. त्याची बायको वर्षा, सिल्लोडकडली. आन् भिंतीला भिंत लावून मपली मोठी जाऊ, गयाक्का. एवढंच आमचं घर. आता तुम्ही म्हणलात सगळं सांगा, तर सांगते, पण ताई, माझं तोंड फाटकं हाये, राग आला की मला थांबता येत नाय, तुम्हाला काय गाळायचं ते तुम्ही गाळा.

गयाक्काचं आधी चांगलं सांगते, नाय तर म्हणताल जावाजावांचं भांडण मांडून बसली. तिला मूलबाळ नाय. दत्त्याला मी जल्म दिला एवढंच, बाकी न्हाऊ घालणं, काजळ घालणं, मांडीवर निजवणं, समदं तिनं केलं. दीर गेल्यावर तर ती आमच्यातच जेवती. गल्लीत कुणाचं दुखलं-खुपलं की पहिली हाक गयाक्काला. तिच्याकडं एक डबा हाये, श्रीखंडाचा पिलास्टिकचा, त्याच्यात समद्या गल्लीच्या उरलेल्या गोळ्या. कुणाचा ताप उतरला, कॅप्सूल उरल्या, मग टाकायच्या कशाला, द्या गयाक्काला. तिला वाचता येत नाय, ती रंगावर ओळखती. लाल-काळी असली की जखमंची, ती फोडून आतली पूड जखमंवर भुरभुरायची. पांढरी लांबडी असली की तापाची. पिवळी असली की हगवणीची. आन् देताना वरून सांगणार, एकच खा, लई गरम असतेत ह्या, वरून ताक पी. आपण शेजारणीकडून वाटीत विरजण आणतो ना, तशी आमच्या गल्लीत गोळी आणायची रीत. कुणी नाय म्हणायचं नाय, देणारीनं बी नाय आन् घेणारीनं बी नाय.

बरं, एकट्या गयाक्काला कामून नावं ठिवायची? तो कोपऱ्यावरला मेडिकलवाला बघा. नाकातून पाणी आलं, दे कॅप्सूल. पोरगं शिंकलं, दे कॅप्सूल. डाक्टरची चिठ्ठी कुठंय म्हणून विचारायची बातच नाय. कात्रीनं पट्टी कापतो, नाव राहतं त्याच्याकडल्या तुकड्यावर आन् आपल्या हातात निस्त्या आंधळ्या गोळ्या. आन् आमच्या गल्लीतला तो डाक्टर, डाक्टर का कोण देव जाणे, कागदाच्या पुडीत रंगीबेरंगी गोळ्या बांधून देतो. म्या एकदा विचारलं, कशाच्या हायेत ह्या? तर म्हणतो, मावशी, तुम्हाला बरं व्हायचंय का डाक्टरकी शिकायचीय? असं बोलला मला! मपल्याच हातच्या भाकरी खातो मेला आन् मलाच असं बोलतो. आन् आमचे लोक तरी काय कमी हायेत का, सुई टोचली नाय, चार गोळ्या दिल्या नायत, तर म्हणतेत कसला डाक्टर, काहीच औषध दिलं नाय, निस्तं आराम कर म्हणला. म्हणजे ज्यानं खरं सांगितलं तो बिनकामाचा.

तर आता वर्षाचं सांगते. पोरगी शिकलेली हाये, बी.कॉम. झालेली, पण स्वभाव असा मऊ की काय सांगू तुम्हाला, मोठ्या माणसापुढं मान वर करून बोलणार नाय. मला आत्या म्हणती, आमच्यात सासूला आत्याच म्हणतेत, आन् गयाक्काला मोठ्या आत्या. गुलमंडीवर साडीच्या दुकानात कामाला व्हती. एवढं मोठं दुकान, वर एसी, खाली गाद्या, आन् बायांना लघवीला जायला जागा नाय! मग ह्या पोरी काय करतेत, पाणीच पीत नायत. दिवसभर घोटभर पाण्यावर उभ्या. घरी आलं तर नळाला आठवडा आठवडा पाणी नाय, पिपातलं पुरवून पुरवून वापरायचं. त्यात लई वाट बघून तिला दिवस राह्यले. आमच्या घरात तर सणच झाला, गयाक्कानं समद्या गल्लीत साखर वाटली.

सातवा लागायच्या आधीची गोष्ट. वर्षाला लघवीला आग व्हायला लागली, मग ताप. म्या म्हणलं पुडीवाल्याकडं नको, चल सरकारी दवाखान्यात. तिथं एक तरणी डाक्टरीण व्हती, तिनं लघवी तपासायला लावली आन् कॅप्सूल दिल्या. मला समोर बसवून नीट सांगितलं, मावशी, ताप उतरला तरी ह्या संपेपर्यंत द्यायच्या, मधी बंद करायच्या नाहीत, बाळाला ह्यानं काही होत नाही, आजार राहिला तर होतं. म्या म्हणलं व्हय. घरी आले, मपल्या हातानं जेवणानंतर द्यायला लागले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पोरगी उठून भांडी घासायला लागली. आन् माझं माहेरला जायचं आलं, भावाच्या पोरीचं लगीन. वर्षाला म्हणलं, येळंवर घे गं बाई. व्हय आत्या, म्हणली. मी गेले.

आता माहेरचं निघालंच तर सांगते. भावाचं कोंबड्यांचं शेड हाये. लग्नाच्या गडबडीत मी बघते तर हा कोंबड्यांच्या पाण्याच्या टाकीत पाकीट फोडून पूड ओततोय. म्या म्हणलं काय रे हे? तर म्हणतो, जंतूचं औषध. आजारी हायेत का कोंबड्या? नाय, पडू नयेत म्हणून, आन् वजन बी चांगलं भरतं. तव्हा मी हसले, म्हणलं तुझ्या कोंबड्यांची मजा हाये बाबा. आता आठवलं की माझं डोकं फिरतं. माणूस मरणाच्या दारात असला तर त्याच्यासाठी राखायचं ते औषध, आन् हे ताप ना थंडी अशा कोंबड्यांना पाण्यासारखं पाजतेत! जाऊ द्या. कुठं व्हते मी?

व्हय, लग्नाहून आले. पोरगी चांगली हिंडत-फिरत व्हती. म्या विचारलं, गोळ्या झाल्या का? झाल्या म्हणली, खाली मान घालून. मला वाटलं दमली असंल. पुढल्या आठवड्यात एका सकाळी मी तव्यावर भाकर टाकली आन् आतून दत्त्या वरडला, आई, हिला बघ. अंगावर दोन गोधड्या घेऊन पोरगी थडथड उडत व्हती, दात वाजत व्हते, कंबर धरून रडत व्हती. चूल तशीच टाकली, टेम्पोत घातली, गयाक्का बी चढली पाठीमागं, आन् गेलो त्याच दवाखान्यात.

तीच डाक्टरीण. तिनं विचारलं, आधीच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का? वर्षा म्हणली, व्हय. डाक्टरीण म्हणली, नक्की? व्हय. आन् तेवढ्यात आमची गयाक्का पुढं झाली, पदर सावरून, अशी ऐटीत, जसं काय तिचाच सत्कार व्हणार हाये. म्हणती, नाय बाई, ती भिऊन बोलती, म्या बंद केल्या. ताप उतरला व्हता ना, मग कशाला खायच्या, लई गरम असतेत त्या, पोटातल्या लेकराला झेपल्या नसत्या. उरलेल्या आमच्या शेजारच्या मंगलची दाढ दुखत व्हती, तिला दिल्या, तिला बी आराम पडला.

ताई, ती डाक्टरीण लिहायची थांबली. तिच्या आधी मीच बोलले. एवढ्या वर्षांत म्या गयाक्काला उलटून शब्द दिला नव्हता, त्या दिवशी समद्या वार्डासमोर मी वरडले. म्हणलं, अगं तुला कुणी सांगितलं व्हतं? तू काय डाक्टर हायेस का? मी पोरीला घास भरवल्यासारख्या गोळ्या देत व्हते आन् तू मंगलच्या दाढंला वाटल्या? आन् वर्षाकडं वळले, म्हणलं, तू तरी, बी.कॉम. झालीस ना गं, तुला तोंड दिलं नाय का देवानं? ती हुंदके देत म्हणली, मोठ्या आत्यांचं मन कसं मोडू, आत्या. मन! घ्या! मन राखायला निघाली व्हती बया. नर्स आली, म्हणली मावशी बाहेर जा, इथं आरडाओरडा नको. म्या म्हणलं जाते, पण ह्या गयाक्काला बी बाहेर काढा.

मग लघवी पुन्हा तपासली, ती लावून ठिवतेत म्हणं, कोणत्या औषधानं जंतू मरतेत ते बघायला. त्याचं उत्तर येईस्तोवर सलाईनमधून सुया चालू केल्या. उत्तर आलं तर काय, नेहमीच्या गोळ्यांना ते जंतू जुमानतच नव्हते. डाक्टरीण म्हणली, अर्धवट औषधानं कच्चे जंतू मरतात, चिवट मागं राहतात आणि तेच वाढतात, आणि ही नुसती एका वेळची गोष्ट नाही, लहानपणापासून प्रत्येक सर्दीला कॅप्सूल खाल्ली की असंच होतं. मला त्यातलं लई कळत नाय. पण एवढं कळलं की आमच्या समद्या गल्लीनं मिळून ते औषध वापरून वापरून बोथट केलं, आन् मपल्या सुनंला गरज पडली तव्हा त्याला धारच नव्हती.

मोठ्या सुयांनी ताप उतरला, पण तवर कळा सुरू झाल्या व्हत्या. पोरगी झाली. लई आधी झाली. ह्या माझ्या तळहाताएवढी, केस काळेभोर, बोटं अशी बारीक बारीक. काचंच्या पेटीत ठिवली, नळ्या लावल्या. डाक्टरांनी जिवाचं रान केलं, त्यांना मी बोल लावणार नाय. दुसऱ्या दिवशी गेली. दत्त्यानं टेम्पो रस्त्याकडंला लावला आन् स्टेरिंगवर डोकं ठिवून बसला, पोराला घरी यायला पाय उचलंना.

आन् गयाक्का काय म्हणली म्हणता? दृष्ट लागली. साखर वाटली ना, तव्हाच कुणाची तरी नजर लागली. आजपस्तोर तेच म्हणती. मी म्हणते, नजर नाय गं, तू लागलीस! मग ती रडती, आन् ती रडली की मला माझीच चीड येती, कारण तिनं वाईट करायला केलंच नव्हतं. वैरीण असती तर दार लावून घेतलं असतं, सुटले असते. हिनं तर मायेनं केलं. मपल्या नातीसाठी तिनं दुपटी शिवून ठिवली व्हती, माझ्याआधी तिनं शिवली व्हती. आता सांगा, असल्या माणसावर किती रागवायचं आन् कसं? तरी मी रागावते. राग जात नाय.

म्या मेडिकलवाल्यालाबी जाऊन विचारलं, चिठ्ठीबिगर कामून देतो रे? तर म्हणतो, मी नाही दिल्या तर पुढचा देईल. पुढच्याला विचारलं तर तो बी तेच म्हणंल. गल्लीतल्या बाया म्हणतेत, सुभद्राचं डोकं फिरलंय, निस्तं गोळीचं नाव काढलं तरी अंगावर येती. मंगल बोलत नाय माझ्याशी, म्हणती, माझी दाढ दुखत व्हती त्यात माझा काय गुन्हा. गुन्हा कुणाचाच नाय बघा. सगळे भले. देणारी भली, घेणारी भली, विकणारा भला, आन् लेकरू तेवढं गेलं.

आता वर्षाला पुन्हा दिवस हायेत. साडीचं दुकान सोडलं तिनं, माझ्यासंगट भाकरी करती आन् मी तिच्या उशाला पाण्याचा तांब्या ठिवते, पी म्हणते, नळाला येवो न येवो, तू पी. मागल्या सोमवारी तिला सर्दी झाली, जरा अंग गरम. मी तव्यापाशी, ती उंबऱ्यात लसूण सोलत बसलेली. गयाक्का आली. मूठ झाकलेली. म्हणती, घे गं, एकच घे, कुणाला सांगू नको. माझ्या हातातली भाकर हातातच राह्यली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वर्षा उठली. कंबरंला हात लावून उठली आन् म्हणली, नाय मोठ्या आत्या, मी घेणार नाय. गयाक्का म्हणती, आगं मी तुझ्या भल्यासाठी. वर्षा म्हणली, ते मला माहीत हाये, तरी नाय. ताप वाढला तर मी डाक्टरीणबाईकडं जाईन, ती म्हणली तर घेईन आन् समद्या घेईन, आन् तुम्ही म्हणलात तरी थांबणार नाय. मोठ्यानं बोलली, गल्लीला ऐकू जाईल असं. गयाक्काचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस जेवायला आली नाय, तिसऱ्या दिवशी वर्षाच ताट घेऊन गेली तिच्याकडं.

ताप चढला नाय, सर्दी आपसूक गेली. पण मला त्या दिवशी जे वाटलं ते काय सांगू तुम्हाला. आधी लई बरं वाटलं, मग मोरीत जाऊन रडले, की हाच एक शब्द पोरी, तव्हा बोलली असतीस तर. तिला नाय म्हणले मी हे, म्हणणार बी नाय. आता लोक म्हणतेत, सुभद्रा, तुझी सून बी तुझ्यावर गेली, उलटून बोलती मोठ्यांना. मी म्हणते बोलू द्या. बाकीच्या सासवा देवाला काय मागतेत मला माहीत नाय, मी तर दिवा लावते आन् म्हणते, देवा, ह्या पोरीचं तोंड असंच राहू दे, उद्या ती मला बी नाय म्हणली तरी चालंल.