पाटीवरची सांडणी

ओमानमधल्या सलालाच्या लायसन कचेरीत माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. बाईची, तुफूल तिचं नाव, बाकी परीक्षा झाली होती, फक्त रस्त्यावरच्या पाट्यांच्या तोंडी परीक्षेत ती दोनदा आपटली होती. नवरा चित्रं दाखवून तयारी करून घेत होता.

"लाल त्रिकोणात उंट. सांग."

"उंट कसला, सांडणी आहे ती. किती वाळलीये बिचारी!"

"तुफूल, अर्थ सांग!"

"पुढे रस्त्यात उंट येतील."

"मग तू काय करशील?"

"गाडी थांबवून उतरेन. कुणाची आहे ते बघेन."

"अगं, याच उत्तरावर दोनदा नापास झालीस! वेग कमी करेन, एवढंच म्हण."

"आणि आपलीच निघाली तर?"

"तरी वेगच कमी!"

"बरं बाबा."

आतून हाक आली. ती गेली आणि थोड्या वेळानं हसतच बाहेर आली.

"मिळालं लायसन!"

"अल्हम्दुलिल्लाह! वेग कमी म्हणालीस ना?"

"म्हणाले. तर परीक्षा घेणारे साहेबच विचारतात, उतरून बघणार नाही का?"

"साहेब?"

"त्यांची सांडणी गुरुवारपासून सापडत नाहीये. काळी आहे, मानेवर डागल्याची खूण. ऊठ आता. गाडी मी चालवते, तू दोन्हीकडे नजर ठेव."