गॅरेजमधलं स्टूल

राजीव : ...काल शूटिंग क्लबमध्ये नेम धरला, आणि बारच झाला नाही. नुसतं फुस्स. मला वाटलं, फुसकं निघालं, पुढचं मारावं. बोट ट्रिगरवर होतं, तेवढ्यात रेंज ऑफिसर ओरडला, स्टॉप.

अनुराधा : थांबलात ना पण. चहा घ्या, गार होतोय.

राजीव : थांबलो म्हणून चहा घेतोय. अनु, मी घरी भरलेल्या त्या काडतुसात पावडरच नव्हती. गोळी रिव्हॉल्व्हरच्या नळीत अर्ध्यावर अडकून बसली होती. मागून दुसरी सोडली असती तर सगळं हातात फुटलं असतं. शेजारी नकुल उभा होता. तुझ्या मैत्रिणीचा, मनीषाचा मुलगा. त्याला क्लबमध्ये मीच आणला.

अनुराधा : अगं बाई.

राजीव : आज त्या बॅचची उरलेली सगळी उघडली. आणखी एक रिकामं निघालं. आणि एकात डबल पावडर.

अनुराधा : म्हणून सकाळपासून गॅरेजमध्ये होतात.

राजीव : लेकीचा, वरदाचा स्लाऊहून फोन आला होता, त्या रविवारची बॅच. डबीवर तारीख आहे.

अनुराधा : टेबलापाशी फोन आणायचा नाही, हा नियम तुमचाच.

राजीव : माझाच, आणि मीच मोडला. बोलून परत आलो आणि कुठपर्यंत भरलं तेच विसरलो. मान्य. पण त्यासाठीच तर तू असतेस ना? मी पावडर भरायची, तू टॉर्च घेऊन पन्नासही उघड्या काडतुसांत वाकून बघायचं, सगळीकडे एकाच उंचीला आहे का. तू चेक म्हटल्याशिवाय मी वर गोळी बसवत नाही. थिएटरमध्येही तेच. भुलीचं इंजेक्शन मी भरलं तरी सिस्टरने लेबल वाचायचं, मगच पेशंटला.

अनुराधा : माहितेय. हजारदा ऐकलंय.

राजीव : त्या दिवशी तू चेक म्हणालीस.

अनुराधा : म्हणाले.

राजीव : मी चिडलेलो नाही. फक्त विचारतोय. बघितलं होतंस का?

अनुराधा : बघितलं हो. दिसलं नाही.



राजीव : टॉर्च डाऊन होता का?

अनुराधा : टॉर्चला काही झालेलं नाही. माझ्या डाव्या डोळ्यात मधोमध डाग आहे. बाथरूमच्या टाइल्सच्या रेषा वाकड्या दिसतात. आता उजव्यालाही सुरू झालंय.

राजीव : मॅक्युला. पडद्याचा मधला भाग.

अनुराधा : हॉस्पिटलच्या पत्रात तेच लिहिलंय. एजवेअरच्या ऑप्टिशियनने पाठवलं मला तिकडे. डाव्याला उशीर झाला म्हणाले. उजव्यात इंजेक्शनं देतायत.

राजीव : डोळ्यात इंजेक्शन घेऊन आलीस? कधी?

अनुराधा : दोनदा. तुम्ही क्लबला होतात. शेजारची स्वाती आली होती बरोबर, बसने गेलो. डोळा लाल का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, कांदा चिरला.

राजीव : घरात डॉक्टर असताना?

अनुराधा : भुलीचा डॉक्टर.

राजीव : अनु, थट्टा नको. मला का नाही सांगितलंस?

अनुराधा : सांगितलं असतं तर गॅरेजमधल्या त्या स्टुलावरून तुम्ही मला उठवलं असतं.

राजीव : अर्थात उठवलं असतं. दिसत नसताना कोणी बसवेल का तिथे?

अनुराधा : म्हणूनच नाही सांगितलं. एकोणचाळीस वर्षं झाली लग्नाला. तुमचे डबे केले, वरदाला वाढवलं, इथे लंडनमध्ये स्टॅनमोरच्या सगळ्या पार्ट्यांना डॉक्टरांची मिसेस म्हणून गेले. तुमच्या कामात मला ओ की ठो कळत नाही, हे दोघंही धरूनच चाललो. मग तुम्ही रिटायर झालात आणि एका रविवारी म्हणालात, अनु, जरा येऊन बघ, माझा माझ्यावर भरवसा नाही. असं तुम्ही आयुष्यात एकदाच म्हणालात. मला ती बंदूक आवडत नाही. त्या टेबलापाशी बसले की पाठ धरते. पण तिथे तुम्ही माझ्या एका शब्दासाठी हात थांबवून बसायचात.

राजीव : जीव गेला असता कुणाचा तरी.

अनुराधा : हो. काल कुलपाला किल्ली लावताना तुम्ही चाचपडलात, त्या आवाजावरूनच मला काहीतरी झालंय हे कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याच्याही आधी. नकुलचं नाव ऐकल्यापासून मनीषाला काय सांगितलं असतं, तेच डोक्यात आहे.

राजीव : तुझं एकटीचं चुकलं नाही. पूर्वी मी स्वतः डोळ्यात तेल घालून बघायचो, मग तुझ्याकडे द्यायचो. तू आहेस म्हटल्यावर हळूहळू मी बघणंच सोडलं. नुसता ट्रे सरकवतो तुझ्याकडे. क्लबमध्ये ऐटीत सांगायचो, आमच्याकडे चार डोळे तपासतात. कोणीच तपासत नव्हतं.

अनुराधा : मग आता?

राजीव : बाकीच्या बॅचेसची तीनशे काडतुसं उरलीत. ती एकेक करून खोलायची, पावडर वेगळी काढायची. ते काडतुसं भरायचं यंत्र कुणाला तरी देऊन टाकतो. बंदुकीचं सर्टिफिकेटही परत करीन म्हणतो.

अनुराधा : माझ्यामुळे?

राजीव : नाही. ज्याने नियम मोडला, त्याच्यामुळे. पुन्हा कधी आहे इंजेक्शन?

अनुराधा : गुरुवारी. स्वाती येणार आहे.

राजीव : स्वातीला येऊ नको म्हणून सांग. मी येतो. इकडे बघ जरा. माझा चेहरा दिसतो?

अनुराधा : सरळ बघितलं की मधोमध काही नसतं. तुमच्या कानाकडे बघितलं तर थोडे दिसता.

राजीव : कधीपासून?

अनुराधा : दिवाळीपासून असं झालंय.

राजीव : सहा महिने. रोज तुझ्या समोर बसून जेवतोय मी.