कोच स्टॅनफिल यांना विचारू नयेत असे प्रश्न

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या टॉलिव्हर कॉलेजचे प्रमुख डॉ. क्वाटलबॉम, विश्वस्त मंडळाचे ज्येष्ठ सदस्य न्यायाधीश टर्निपसीड, ज्यांच्या प्रार्थनेत जेवण किंचित गार झालं ते रेव्हरंड पूल, आजचे सत्कारमूर्ती कोच व्हर्जिल स्टॅनफिल, त्यांच्या पत्नी, ज्यांना सारं गाव आदराने 'मिस ऑर्लीन' म्हणतं, आणि अलाबामाच्या या कोपऱ्यात फुटबॉलवर जीव ओवाळून टाकणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

समर्थक मंडळाचा अध्यक्ष या नात्याने मी, रँडल टीग, आपल्यापुढे उभा आहे. माझा व्यवसाय आपण जाणताच. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातला एखादा तरी अंत्यविधी माझ्या हातून झाला आहे. तेव्हा निरोप देण्याचा अनुभव मला दांडगा आहे. फक्त ज्यांना निरोप द्यायचा ते समोर बसून तळलेला मासा खात आहेत, हा प्रसंग माझ्या आयुष्यात पहिलाच.

कोच आपल्याकडे आले कसे, हे नव्या मंडळींना सांगायला हवं. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा सामना आपण हरायचा नसतो, ही वाडवडिलांची रीत. म्हणून पाहुणा संघ आपण निवडून, पारखून, अशक्त असाच बोलावतो. त्या वर्षी पायनी क्रीक कॉलेजला बोलावलं. शाळेच्या पिवळ्या बसगाड्यांतून आली ती पोरं. त्यांचा कोच स्वतः पाण्याचे डबे उचलत होता, ते पाहून आपण किती हसलो! आणि मध्यंतरात मेळाव्यासाठी निवडलेल्या आपल्या राणीच्या डोक्यावर मुकुट चढेपर्यंत सामना हातचा गेलेला होता.

सोमवारी समिती बसली. न्यायाधीशसाहेब म्हणाले, "आपल्याला कोणी हरवलं?" 

"स्टॅनफिल नावाचा कोणीतरी आहे."

"मग त्याला घेऊन या."

इतका जलद आणि इतका एकमताने घेतलेला निर्णय टॉलिव्हरच्या इतिहासात दुसरा नसेल.

आणि मंडळी, आपण त्यांना काय दिलं नाही? खेळाडूंच्या खोलीत धबधबा बांधला. कोचच्या हाताखाली इतके साहाय्यक दिले की त्यांची ओळख व्हायलाच पहिला हंगाम गेला. पाण्याच्या डब्याला त्यांनी हात लावला तेव्हा मी स्वतः धावत जाऊन तो काढून घेतला. "कोच, हे तुमचं काम नाही," म्हटलं. "मग माझं काम काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "देणगीदारांकडे जेवायला जाणं." बिचारे गेले. सराव साहाय्यकांनी घेतला आणि कोचनी गावभर जेवणं घेतली. मिस ऑर्लीन, त्यांच्या पट्ट्याची भोकं वाढवून घ्यावी लागली, याबद्दल मंडळ दिलगीर आहे.

एवढ्यावर निभावलं असतं. हरणारे कोच आपण यापूर्वीही प्रेमाने सांभाळले आहेत. पण गुरुवार आडवा आला.

दर गुरुवारी डूलीच्या बार्बेक्यू खानावळीतून कोचचा कार्यक्रम रेडिओवर थेट जातो. लोक भाजलेल्या बरगड्या खातात, प्रश्न विचारतात, कोच उत्तरं देतात. उत्तरं कशी द्यायची हे आपल्या गावात तान्ह्या मुलालाही कळतं. पोरं मेहनत घेत आहेत, समोरचा संघ तगडा आहे, देवाची इच्छा असेल तर होईल. बस्स! एवढ्या तीन वाक्यांवर माणसं निवृत्त झाली आहेत हो.

पहिल्याच गुरुवारी गाड्यांचे व्यापारी रॉइस पिकार्ड उठले. "काय कोच, शनिवारी जिंकतोय ना आपण?"

"नाही, रॉइस. त्यांची पोरं आपल्यापेक्षा चांगली आहेत."

निवेदकाने घाईघाईने जाहिरात लावली. आणि शनिवारी आपण खरोखरच हरलो! आता मला सांगा, माणूस खोटं बोलून हरला तर त्याला सांभाळून घेता येतं. खरं बोलून हरणाऱ्याचं करायचं काय?

पुढच्या गुरुवारी मी उठलो. माझा नातू हॉलिस आपल्या संघात आहे. माझ्या घरात आता मी आणि तो, दोघंच. त्याने आपल्या निळ्या सदऱ्यात एकदा, फक्त एकदा, मैदानात धावत जावं, एवढीच या म्हाताऱ्याची इच्छा. धबधब्याला मी जो हातभार लावला त्यामागे ही इच्छा नव्हती, असं मी रेव्हरंडांच्या देखत म्हणू शकत नाही. मी हसत हसत विचारलं, "काय कोच, आमचा हॉलिस कधी खेळणार?"

"यंदा नाही, रँडल. पोरगा मनाने सोन्यासारखा आहे, पण पायाने सावकाश आहे."

थेट! रेडिओवर! आसपासच्या तिन्ही परगण्यांत! दुसऱ्या दिवशी एका शोकाकुल कुटुंबाने माझंच सांत्वन केलं.

कोचना मुक्त करण्याचा ठराव पुढे मीच मांडला, हे मी नम्रपणे नमूद करतो. मंजूर व्हायला वेळ लागला नाही. गडबडीत कोचना कळवायचं तेवढं राहून गेलं. तो गुरुवार होता. निवेदकाने बातमी वाचली आणि तिथेच विचारलं, "कोच, तुम्हाला काढलंय. काय वाटतं?" कोच म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. या बरगड्या संपवून गेलो तर चालेल ना?"

असो. कोच आता पायनी क्रीकला परत जात आहेत. तिथली जागा नुकतीच रिकामी झाली आहे. कारण तिथल्या नव्या कोचनी यंदाच्या मेळाव्यात आपल्याला हरवलं, आणि आपण अर्थातच त्यांना नेमलं. समितीचं पुन्हा एकमत झालं, याबद्दल अभिनंदन.

हल्ली खेळाडूंना वाटेल तेव्हा कॉलेज बदलता येतं. कोचबरोबर कोण जाईल, अशी समितीला धास्ती होती. आपले सगळे चांगले खेळाडू इथेच राहत आहेत, हे सांगायला मला आनंद वाटतो. जाणारा एकच आहे. हॉलिस.

मी खूप बोललो त्याला. "अरे, तिथे धबधबा नाही!"

तो म्हणाला, "पॉपॉ, या गावात सगळे मला म्हणायचे, पुढच्या शनिवारी नक्की. तुम्हीसुद्धा. मी सावकाश आहे, हे एकट्या कोचनी सांगितलं. आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे माझ्याबरोबर पळायला तेच आले."

"मग वाढला का वेग?"

"थोडासा. कोचचा जास्त वाढला."

मंडळी, मी रोज चहा घेत खिडकीशी बसायचो आणि हे पोर एवढ्या सकाळी जातं कुठे, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही. फार लागलं मला ते.

मघाशी दारातच कोचना गाठलं. म्हटलं, "तिथे तरी खेळेल का हो हॉलिस?" मला वाटलं, निरोपाच्या दिवशी तरी माणूस माझं मन राखेल.

कोचनी जरा विचार केला. म्हणाले, "तिथे पोरं मोजकीच आहेत, रँडल. दोघांचे घोटे मुरगळले तर खेळेल."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत आशादायक वाक्य आहे. रेव्हरंड, तेव्हापासून मी दोन अनोळखी पोरांच्या घोट्यांबद्दल नको ती प्रार्थना करतो आहे. देव मला क्षमा करो. आणि पायनी क्रीकचे सामनेही शनिवारीच असतात, त्यामुळे मंडळाने दुसरा अध्यक्ष शोधावा. मी यापुढे शनिवारी गावात नसेन.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, डूलीने मासा पुरवला, क्वाटलबॉमसाहेबांनी घड्याळाकडे फार वेळा पाहिलं नाही, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि कोच, भाषण कसं झालं, ते कृपा करून सर्वांसमोर सांगू नका.