उजवीकडची पट्टी

वहिनी: हसू नका, भावजी. आधी पूर्ण वाचा, मग हसा.

भावजी: हसत नाहीये. ‘कपाट’, ‘खण’, ‘कोणी_उत्तर_दिलं’... मराठी नावं घालून लिहिलेला प्रोग्राम मी पहिल्यांदाच बघतोय.

वहिनी: चालतो ना? मग झालं तर.

भावजी: चालतोय, तेच नवल आहे. हे केलंत कधी?

वहिनी: जेवणाच्या सुट्टीत, अडीच महिने. एका हाताने डबा, दुसऱ्या हाताने टायपिंग. नेटवर फुकटचे धडे असतात, ते बघून. पहिला महिनाभर मेलमधलं कुठलंही पत्र उघडलं की पडद्याच्या उजवीकडच्या पट्टीत एकच उत्तर. सगळ्या गावाची कानाची मशीनं म्हणे कपाटाच्या खण क्रमांक एकमध्ये!

भावजी: आणि आता हेड ऑफिस ही पट्टी बंद करायला निघालंय.

वहिनी: उद्या सकाळी दहाला. तिथल्या कॉम्प्युटर विभागाने कळवलंय, ‘मेलला जोडलेलं हे ॲड-ऑन कार्यालयाचा सगळा मेल वाचायची परवानगी मागतं, धोकादायक आहे.’ म्हणून तर तुम्हाला रविवारचं झोपेतून उठवलं. तुमचे दादा म्हणत होते, राहू दे. मी म्हटलं, दीर कॉम्प्युटरवाला असून उपयोग काय मग?

भावजी: त्यांचं चुकलं नाही हो. सगळा मेल कशाला मागितलात?

वहिनी: परवानग्यांची लांबलचक यादी आली. त्यातलं एक अक्षर कळेना. म्हटलं, सगळ्यांवर टिक करावी, पुढे अडायला नको.

भावजी: वहिनी!

वहिनी: ओरडा नंतर. आधी सोडवा.

भावजी: पण एवढा खटाटोप कशासाठी? कानाची मशीनं दुरुस्त करणारं केंद्र तुमचं. लोक फोन करून विचारतील ना, झालं का म्हणून.

वहिनी: ज्याला ऐकू येत नाही, तो फोन कशाला करेल? आमच्याकडे सगळं मेलवर. मेल एकच आणि उत्तरं देणाऱ्या आम्ही सहा जणी. जिच्यासमोर पत्र आलं, तिने तयार उत्तर पाठवायचं. ‘आपले पत्र मिळाले, लवकरच कळवतो.’

भावजी: आणि त्याच माणसाने पुन्हा लिहिलं तर?

वहिनी: ते पत्र आमच्यातल्या दुसरीकडे जायचं. तीही तेच पाठवायची. एक दिवस एक बालवाडीच्या बाई काउंटरवर आल्या. पिशवीतून सहा कागद काढले आणि एकाखाली एक मांडले. सहाही कागदांवर तेच वाक्य, फक्त खालची सही वेगळी. चौथी माझी.

भावजी: भांडल्या?

वहिनी: भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, ‘मी ओठ बघून चालवून घेते. पण चार वर्षांची पोरं कुठे तोंडाकडे बघून बोलतात? पाठ फिरवूनच बोलतात.’ आणि भावजी, त्यांचं मशीन तयार होतं. माझ्या पाठीमागच्या कपाटात एकोणीस दिवस पडून होतं.

भावजी: अरे देवा.

वहिनी: त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्याच सुट्टीत पहिला धडा लावला.

भावजी: म्हणजे आता पत्र उघडलं, की पट्टी त्यातला मशीनचा नंबर शोधते आणि कपाटाच्या तक्त्यातून खण काढून दाखवते. आधी कोणी काय उत्तर दिलं तेही. पण तयार उत्तराचं बटण दिसत नाही कुठे. ते तर सगळेच ठेवतात. दोन मिनिटांत टाकून देतो.

वहिनी: मुळीच नको. त्या बटणानेच तर घात केला होता. खण दाखवायचं काम पट्टीचं. वाक्य ज्याचं त्याने लिहायचं.

भावजी: बरोबर आहे. हे मला सुचलं नसतं. सरका, मी पहिल्यापासून नीट लिहून देतो. तासाभराचं काम.

वहिनी: आणि पुढच्या महिन्यात बिघडलं तर? तुम्हाला सुट्टी कधी, मी विचारत बसू? तुम्ही सांगा, टाइप मी करते.

भावजी: तासाचे तीन तास होतील.

वहिनी: होऊ देत. कॉफी करते.

भावजी: मग पहिली गोष्ट. सगळा मेल सोडायचा. फक्त समोर उघडलेलं पत्र वाचायची परवानगी मागायची. ही ओळ खोडा, ही लिहा.

वहिनी: लिहिली. पण मग आधी कोणी काय उत्तर दिलं, ते कुठून कळणार? ते जुन्या पत्रांत आहे.

भावजी: हं. ते जाईल. दुसरा इलाज नाही, वहिनी. खण तरी दिसेल.

वहिनी: खण दिसून अर्धंच काम झालं. थांबा जरा. कपाटाच्या तक्त्यात ‘शेरा’ म्हणून रकाना आहे, कोणी वापरत नाही. उत्तर लिहून झालं की पट्टीतच एक ओळ भरायची, कोणी, कोणत्या तारखेचा शब्द दिला. ती ओळ शेऱ्यात जाईल. मग जुनी पत्रं वाचायची गरजच काय? चुकलं का माझं?

भावजी: चुकलं कुठे? मी उगाच पत्रांत शोधत बसलो होतो. लिहा, सांगतो.

(सोमवारी संध्याकाळी, फोनवर.)

भावजी: काय झालं? सकाळपासून तुमच्या मेसेजची वाट बघतोय.

वहिनी: दहाला हेड ऑफिसचा फोन आला. तिथला बाबा तासभर एकेक ओळ विचारत होता. ही का, ती का. लिहिलेली मीच, त्यामुळे सांगता आलं. सध्या आमच्या केंद्रापुरती चालू ठेवा म्हणाले. बाकीच्या केंद्रांचं तीन महिन्यांनी बघू.

भावजी: वहिनी, शाबास!

वहिनी: आणि ऐका ना. पाचला एकही पत्र शिल्लक नव्हतं. आम्ही सहा जणी एकमेकींची तोंडं बघत बसलो.

भावजी: मी बारा वर्षं प्रोग्राम लिहितोय. मी केलेलं वापरणारा माणूस अजून एकदाही समोर बसून पाहिला नाही.

वहिनी: मग बुधवारी केंद्रात या, त्या दिवशी लोक मशीनं न्यायला येतात. पण नऊच्या आधी या, नंतर बसायला जागा मिळत नाही.