नको म्हणणाऱ्याच्या पानातला लाडू

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणसाचं बोलणं ऐकावं, की बोलणारं माणूस ऐकावं? — हसू नका! उत्तर सोपं वाटतंय ना? नीळकंठशास्त्र्यांनाही तसंच वाटत होतं!

हे नीळकंठशास्त्री कृष्णाकाठचे. तर्कशास्त्रात पटाईत! डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग आहेच, हे असं सिद्ध करायचे की समोरच्याची बोलती बंद! आणि घरात? घरात बायको तापानं फणफणलेली! यांनी विचारलं, "भागू, काय होतंय?" ती म्हणाली, "काही नाही. तुम्ही जा सभेला." — आणि गेले की हो! सभा जिंकून, खांद्यावर शाल मिरवत परत आले, तर भागीरथीबाई गाठोडं घेऊन दारात. "मी माहेरी चालले. न्यायला यायची काही गरज नाही!"

शास्त्रीबुवा विचारात पडले. गरज नाही म्हणाली. ज्याची गरज नाही, त्याच्यावाचून काम होतं. म्हणजे ही आपली आपण येणार! सिद्ध झालं! बसले ओटीवर वाट बघत. — बायांनो, तुम्ही का हसताय? पुढं ऐका!

भात कच्चा, आमटी करपलेली. घर खायला उठलं. सिद्धांतात चूक सापडेना आणि बायको काही येईना! शास्त्र्यांना रडूच फुटलं. शेवटी उपरणं खांद्यावर टाकलं आणि सासुरवाडीची वाट धरली.

सासूबाईंनी आधी पान मांडलं. लाडू आला. "नको," शास्त्री म्हणाले. पडला पानात! "अहो आई, खरंच नको!" — आणखी एक! यांनी पानावर आडवा हात धरला, तर हाताखालून तिसरा!

"आई, मी नको म्हणतोय ना?"

"अहो जावईबापू, नको म्हणतो त्यालाच वाढायचं असतं. मागून खायला माणूस लाजतो!"

अरेच्चा! 'नको' म्हणजे 'हो'! असा नियम आहे होय! शास्त्र्यांनी हात धुतले नि तडक माजघरात. भागीरथी तांदूळ निवडत बसली होती.

"चल घरी."

"मी येणार नाही!"

शास्त्र्यांचा चेहरा खुलला! येणार नाही, म्हणजे येणार! खुंटीवरचं गाठोडं उचललं.

"ठेवा ते खाली!"

ठेवा, म्हणजे ठेवू नका — यांनी काखेत मारलं!

"अहो, तुम्हाला वेड लागलंय का?"

आता याचं उलट काय? शास्त्री अडकले. आणि तेवढ्यात भागीरथीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं.

"अंग जळत होतं हो माझं. काही नाही म्हटलं, तर तुम्ही खरंच निघून गेलात!"

गाठोडं गळून पडलं. शास्त्री मटकन खाली बसले. "भागू, मला काही कळत नाही गं. तुझं 'हो' कुठलं, 'नाही' कुठलं — काही म्हणता काही कळत नाही. पण त्या दिवशी तुझ्या कपाळाला हात लावून बघायला हवा होता." आणि त्यांनी हात पुढं केला, तिच्या कपाळावर ठेवला.

"आता नाहीये ताप," ती म्हणाली.

शास्त्र्यांनी हात काढला नाही. तिनंही काढा म्हटलं नाही. मग पदरानं डोळे पुसले, आणि खाली पडलेलं गाठोडं तिनंच उचललं.

मग नियम काय, महाराज? — अहो, मला काय विचारता! कधी 'नको' म्हणजे नकोच असतं हो! उगाच कुणाच्या पानात लाडू ढकलू नका!

पण ते मागं खांबाला टेकलेले गृहस्थ! हो, तुम्हीच! निघताना घरातून काय ऐकलंत? "तुम्ही जा कीर्तनाला, मला काही होत नाहीये" — असंच ना? मान खाली घालू नका!

मग अजून बसलात कशाला? उठा! आरती आम्ही करतो!