पिवळी बोटं

रुक्मिणबाई : ...पायात वहाणा मग घाला. आधी सांगा, बोटाला हळद कशाची?

पिराजी : ह्ये? म्हशीची. काल प्रचारवाल्यांनी गोठ्यात शिरून म्हशीकडूनबी भंडारा उचलून घेतला. सकाळधरनं पिवळं दूध देऊन राहिली.

रुक्मिणबाई : म्हशीचं पुरं करा. शपथ कुणाला दिली?

पिराजी : संगप्पाला. ताट घेऊन दारात उभा. म्हणला, माळेगावच्या खंडोबाचा भंडारा उचल आन् म्हण, मत तुलाच. उचलला.

रुक्मिणबाई : त्या संगप्पाला?

पिराजी : आपला लखन टिप्परखाली गेला तवा मोर्चा कुणी काढला?

रुक्मिणबाई : आन् दुसऱ्या महिन्यात त्या टिप्परवाल्या दयानंदच्या पंगतीला कोण बसलं? मतासाठी एकमेकांसमोर उभे, पर नदीतल्या वाळूत आता दोघांची भागी हाय.

पिराजी : ठावं हाय. पर निवडून आलो तर केस उघडतो म्हणला.

रुक्मिणबाई : उघडतोय!

पिराजी : तू मूठ का झाकून राहिलीस? दाव.

रुक्मिणबाई : न्हाई.

पिराजी : दाव म्हणतो ना. ...पिवळीच की. कुणाचा उचललास? बोल.

रुक्मिणबाई : दयानंदचा.

पिराजी : रुक्मिणे! ज्याच्या टिप्परनं आपलं लेकरू...

रुक्मिणबाई : सुनेचं अंगणवाडीतलं काम त्याच्या हातात हाय. अंबिका तिथं हाय म्हणून नातीच्या पोटात दोन घास जातेत. तुमच्या मोर्च्यानं चूल पेटती का?

पिराजी : म्हंजे माझं मत तुझं खाणार, तुझं माझं. शाळेपतुर चालत जायचं आन् हात हलवत यायचं. त्यापरीस जाऊच नये.

रुक्मिणबाई : बोटाला शाई दिसली न्हाई तर उद्याच अंबिकेला घरी बसवतील.

पिराजी : मंग शेवटचं बटण दाबू. कुणीच नको म्हणायचं.

रुक्मिणबाई : भंडारा उचललाय. लेक गेला, नात हाय अजून घरात. देवासंगं खेळ नको.

पिराजी : मंग करावं काय?

रुक्मिणबाई : दाबल्यावर मशीन वाजतं ना?

पिराजी : पार मुदखेडच्या टेसनापतुर. मागल्या निवडणुकीला शिट्टी समजून गाडी सुटली.

(रुक्मिणबाई हसत नाही. पदर डोक्यावर घेते.)

रुक्मिणबाई : मंग मी पुढं होते. माझं वाजलं की तुम्ही लगोलग दाबा. माझं मत लई येळ त्या टिप्परवाल्याच्या नावावर ऱ्हाऊ देऊ नका.